1 जूनचे आजोबा

आमच्या घरात आजोबांचा वाढदिवस 1 जूनला व्हायचा. तुमच्याही घरात एखादे 1 जूनवाले आजोबा असतीलच! शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर पोराकडे बघून अंदाजानं वर्ष लिहायचे आणि तारीख ठरलेली, 1 जून. आजोबांच्या दाखल्यावर 1 जून 1936 आहे.

यंदा माझ्या मुलीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला. तिनं ही तारीख लिहिताच आजी म्हणाली, "ते मास्तरांचं. सासूबाई सांगायच्या, पोरगा आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी झाला."

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी ऑनलाइन शोधलं. काहीच मिळालं नाही. जन्मनोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा. त्याआधीच्या आपल्या खेड्यांतल्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये. आमचं गाव नंदुरबार तालुक्यात. हा जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, आधी धुळे आणि आजोबा जन्मले तेव्हा पश्चिम खानदेश. त्यामुळे जुनं दप्तर नेमकं कुठे आहे, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

एका शनिवारी उधन्याहून गाडीनं गावी गेलो. ओळखीतून मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी मिळाले. दप्तराच्या ठिकाणी रीतसर अर्ज केला आणि पुढच्या खेपेला गुरुजींना सोबत घेऊन बसलो. 1935 पासून 1939 पर्यंत आजोबांचं नाव कुठेच नाही. गुरुजी हसले. "अहो, नोंद बारशाच्या आधी व्हायची. पोराचं नाव कसं असेल? बापाचं नाव शोधा." इतका वेळ मी चुकीच्या रकान्यात शोधत होतो.

पणजोबांचं नाव सापडलं, तेही दोनदा. जानेवारी 1936, मुलगा. मे 1938 चा पहिला आठवडा, मुलगा. जुन्या पंचांगात पाहिलं, तर 1938 ची आखाजी त्याच सुमारास. म्हणजे आजोबा 1938 चे. मग 1936 चा तो कोण? गुरुजींनी काही न बोलता मृत्यूची पानं उलटली. सप्टेंबर 1936. पणजोबांचा मुलगा, वय आठ महिने, ताप.

आजोबा जन्मभर स्वतःला थोरला समजत होते. शाळेतलं 1936 साल त्या भावाचं की मास्तरांच्या अंदाजाचं, हे आता कोण सांगणार?

घरी येऊन आजीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सासूबाई आखाजीला घागरीशेजारी एक लहान मडकं भरून ठेवायच्या. विचारलं की म्हणायच्या, राहू दे माय." सासूबाई गेल्यावर ते मडकं बंद झालं होतं. आजीला त्याचंच वाईट वाटत होतं.

मुलीनं वंशवृक्षात आजोबांच्या शेजारी एक चौकट काढली. नाव नाही, फक्त '1936'. येत्या आखाजीला मडकं आजीच भरणार आहे.

तुम्हीही शोध घेणार असाल तर घरातल्या मोठ्यांना तारीख विचारू नका, सण विचारा. पूर आला होता का, पेरणी झाली होती का, ते विचारा. दप्तरात बापाच्या नावानं शोधा आणि मृत्यूची पानंही नक्की बघा. विचारायचं मात्र लवकर. आमच्याकडे हे सांगणारी आता एकटी आजीच उरली आहे.