गरम झाली की बंद पडते

मरहूम अब्बांची प्रीमियर पद्मिनी 1988 ची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, 1089 सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ही गाडी सर्वांच्या ओळखीची. 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निघून गेली, पण आमच्या सोलापूरच्या अंगणात अब्बांची पद्मिनी उभीच होती. अब्बांच्या इंतकालनंतर ती चालवायची कोणी आणि विकायची कोणी, यावर घरात तीन वर्षे चर्चा चालली. या महिन्याचा लेख त्या गाडीतल्या एका बिघाडावर आहे आणि त्या बिघाडाने घरात जे बोलायला लावले त्यावर.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही भाच्याच्या वलीम्यासाठी लातूरला निघालो. तुळजापूरच्या घाटात गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ फिरत होता, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन काही पकडेना. मागच्या जीपमधले गृहस्थ उतरले आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "पेट्रोलची वाफ धरली. पंपावर ओले फडके टाका." फडके टाकले. अम्मीने तसबीह काढली, मुलांनी डबा उघडला. अर्ध्या तासाने गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

उपाय लागू पडला, म्हणजे रोग तोच, असे आम्ही धरून चाललो. वर्गात मुलांना कार्यकारणभाव शिकवणाऱ्या माणसाने इतकी साधी चूक करावी! फडक्याबरोबर अर्धा तासही गेला होता आणि त्या अर्ध्या तासात पंपच काय, सगळे इंजिनच थंड झाले होते. श्रेय मात्र फडक्याला मिळाले.

पुढे जे झाले ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. एका मिस्त्रीने पेट्रोल पंप बदलला. दुसऱ्याने कार्ब्युरेटर उघडून किट टाकले. पेट्रोलची रबरी नळीही बदलली. ती बदलायलाच हवी होती, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पण गाडी दुपारी बंद पडायची ती पडतच राहिली. दोघांच्याही गॅरेजात ती पोहोचायची तोवर थंड झालेली असायची आणि तिथे तक्रारीला जागाच नसायची. थंडी सुरू झाल्यावर बिघाड दिसेनासा झाला. आम्हीही विषय सोडून दिला.

जानेवारीत पुण्याहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. लग्नाच्या वराती आणि चित्रीकरणासाठी जुन्या गाड्या भाड्याने देण्याचा त्यांचा व्यवसाय. सकाळी आठची वेळ, हवेत गारवा. त्यांनी गाडी होटगी रस्त्यापर्यंत नेऊन आणली. ती अशी चालली की अब्बाच चालवत असावेत! सौदा 1,60,000 वर आला. उन्हात कशी चालते, हे त्यांनी विचारले नाही.

कुवेतहून भाईजानचा फोन आला. "जुनी गाडी घेणाऱ्याला खोट असणार हे माहीत असते. तो व्यापारी आहे. तू कशाला तोंड उघडतोस?" यात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. शिवाय गाडी एकट्या आमची नव्हती. ती विरासतीतली. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात दोघा भावांचे दोन-दोन भाग आणि आपाचा एक. आम्ही खरे बोललो तर किंमत पडणार आणि तो तोटा आपाच्या वाट्यातूनही जाणार. आपल्या सचोटीचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणे सोपे असते, ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी बरीच बोचली.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून बोटे ओली निघाली, तो प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले आणि ते खरेही असेल. विचारणा झाली ती भिजलेले धान्य वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाही, याची. आमच्या ढिगाचा वरचा थर म्हणजे जानेवारीची सकाळ होती.

आपाला फोन केला. ती म्हणाली, "माझा हिस्सा कमी झाला तर होऊ दे, पण त्या माणसाची गाडी वरातीत बंद पडली तर नवरदेव अब्बांच्या गाडीला शिव्या देईल." अम्मी काही बोलली नाही, फक्त मान हलवली. आम्ही त्या गृहस्थांना सांगून टाकले : गरम झाली की बंद पडते, कारण सापडलेले नाही. ते म्हणाले, "मग 1,25,000." आम्ही म्हणालो, विचार करून कळवतो. भाईजान पुढचे आठ दिवस फोनवर फक्त अम्मीशी बोलले.

मार्चमध्ये आम्ही एका वयस्क उस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, थंड गाडी आणू नका. बंद पडलेली दाखवा." दुपारी दोनला ते स्वतः शेजारी बसले. अक्कलकोट रस्त्याला गाडीने आचके दिले आणि थांबली. उस्ताद लगेच उतरले. पाणी नाही, फडके नाही. त्यांनी आधी कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत हाताने ॲक्सिलरेटर ओढला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली. "पेट्रोल येतंय." मग डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणातली मधली जाड वायर काढली, रबरी मुठीच्या पक्कडीने इंजिनाच्या लोखंडापासून थोडी दूर धरली आणि आम्हाला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी पडली, पण बारीक, पिवळट, मरतुकडी. "ही निळी आणि जाड हवी. कटकट करून वाजली पाहिजे." (हा प्रयोग घरी करू नये. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, आणि जवळ पेट्रोल.)

पेट्रोल की करंट, हा प्रश्न गाडी बंद असतानाच्या त्या पाच मिनिटांत विचारायचा होता. आम्ही दहा महिने थंड गाडीला विचारत होतो.

डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट म्हणजे एक छोटासा उघडझाप करणारा स्विच. चार सिलिंडरच्या इंजिनाला मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगात सेकंदाला 100 ठिणग्या लागतात, म्हणजे पॉइंटही सेकंदाला 100 वेळा उघडतो. तो उघडला की कॉइलमधला प्रवाह झटक्यात थांबायला हवा. झटक्यात थांबला तरच कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. पण प्रवाह असा सहज थांबत नाही, पॉइंटच्या फटीतून उडी मारू पाहतो. ती उडी पोटात घेणारी करंगळीएवढी डबी म्हणजे कंडेन्सर. तो बिघडला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडू लागते आणि पॉइंट जळून काळा होतो. कंडेन्सरमधला दोष बरेचदा तापल्यावरच दिसतो. निवला की तो पुन्हा शहाण्यासारखा वागतो. मराठी पुस्तकात याला धारित्र म्हणतात, उर्दूत मुकस्सिफ. उस्ताद नुसते "डबी" म्हणाले.

त्यांनी कंडेन्सरची तार सोडवली, आपल्या पत्र्याच्या डब्यातून दुसरा एक जुनाट, गंजलेला कंडेन्सर काढून जोडला. इंजिन तसेच तापलेले होते. पहिल्या सेल्फला सुरू!

आम्ही म्हणालो, "पण उस्ताद, आमचा कंडेन्सर तर नवा होता. गेल्या एप्रिलमध्येच पॉइंटबरोबर बदलला."

ते हसले. "गाडी बंद कधीपासून पडते?"

मे महिन्यापासून. आम्ही गप्प बसलो. नवा म्हणून त्याच्यावर कोणाचाच संशय गेला नव्हता. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांत आज हलका माल बराच येतो, त्यामुळे उस्ताद जुन्या गाड्यांतून निघालेले चांगले कंडेन्सर फेकत नाहीत, तपासून डब्यात ठेवतात. बिघाड कधी सुरू झाला आणि त्याच्या थोडे आधी गाडीत काय बदलले, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. दोन मिस्त्र्यांनी तो विचारला नाही, पण सांगायला आम्हाला तरी कोणी अडवले होते? पंप, किट, मजुरी मिळून साडेसात हजार गेले होते. उस्तादांनी डबीचे काही घेतले नाही. जळालेला पॉइंट बदलून, फिलर गेजने फट लावून दिल्याचे 400 रुपये घेतले.

एप्रिलमध्ये ते पुण्याचे गृहस्थ पुन्हा आले. या वेळी आम्हीच त्यांना दुपारची वेळ दिली होती. येताना त्यांनी स्वतःचा मिस्त्रीही आणला. दोघे तुळजापूरचा घाट चढून, उतरून, पुन्हा चढून आले. सौदा 1,55,000 वर मिटला. भाईजानला कळवले तर म्हणाले, "पाच हजार तरी गेलेच ना." पण आवाज नेहमीचा होता.

कागदपत्रांबरोबर आम्ही एका वहीच्या पानावर गाडीत जे जे माहीत होते ते लिहून दिले. पहिला गिअर आवाज करतो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकतो. मागच्या डाव्या दाराची काच खड्ड्यात आदळली की आपोआप खाली जाते. सुटा कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, जुना आहे म्हणून टाकू नये.

त्यांनी पान दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि विचारले, "सर, काचेचे पाचर कुठे मिळेल?"

अब्बा तिथे पुठ्ठ्याची घडी घालायचे. अम्मी आत गेली आणि साबणाच्या खोक्याचा एक तुकडा घेऊन आली.