पाठीवर पंप घेतलेला श्रमिक

श्रमिक चळवळीचा इतिहास म्हटला की गिरणीचा भोंगा, कारखान्याचे फाटक आणि फाटकापुढे जमलेले कामगार डोळ्यांसमोर उभे राहतात. हा इतिहास गौरवास्पद आहे, यात शंका नाही. तथापि तो बहुतांशी छपराखाली काम करणाऱ्यांचा इतिहास आहे. उघड्या शिवारात पऱ्हाटीच्या ओळींतून पाठीवर पंप घेऊन चालणारा शेतमजूर त्यात क्वचितच दिसतो. ही उणीव किती जीवघेणी आहे, हे २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने अनुभवले.

त्या हंगामात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली, तेव्हा फवारणीचा जाच संपेल अशी आशा दाखवली गेली होती. पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणालाही दाद देईनाशी झाली. पीक वाचवायच्या धडपडीत दोन-तीन औषधे एकत्र मिसळली गेली. माणसाच्या खांद्याला लागलेल्या दाट पऱ्हाटीत उडणारा फवारा तोंडावर, छातीवर येत राहिला. ना हातमोजे, ना तोंडाला मुखवटा. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. हंगाम सरला आणि विषयही मागे पडला. एखाद्या कारखान्यात एकाच हंगामात इतके कामगार विषाने मेले असते, तर देश असा स्वस्थ बसला असता काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास आठवावा. मुंबईच्या गिरणी कामगाराला सुट्टीचा दिवस नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले आणि चिकाटीने सहा वर्षे लढा चालवला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण हक्काने उपभोगतो तो रविवार असा मिळालेला आहे. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद ठेवली. भाकरीसाठी लढणारा कामगार राष्ट्रासाठीही लढतो, हे त्या दिवसांनी सिद्ध केले.

या दोन्ही प्रेरणांचा मेळ घातला तो दत्तोपंत ठेंगडी यांनी. यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा हा सुपुत्र. २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्यांच्या जयंतीदिनी, भोपाळ येथे त्यांनी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा हाताशी एकही युनियन नव्हती. पुढे १९८९ या वर्षासाठी झालेल्या सदस्यसंख्येच्या शासकीय पडताळणीत हीच संघटना देशात पहिल्या स्थानी आली. ठेंगडींनी वर्गसंघर्ष नाकारला. पण मालकाची मुजोरीही कधी मान्य केली नाही. उद्योग हे कुटुंब मानायचे, तर कुटुंबातील सर्वांत दुबळ्या घटकाची काळजी प्रथम घ्यावी लागते, हा त्या विचाराचा गाभा आहे.

आता हा विचार शिवारात नेऊन पाहा. इथे मालक कोण? बहुधा तो पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी असतो. तो स्वतः कर्जात बुडालेला असतो आणि पुष्कळदा पंपही स्वतःच पाठीवर घेतो. साहेबराव करपे हे याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी सहकुटुंब जीवन संपवले, त्याला चार दशके झाली. अशा शेतकऱ्याविरुद्ध मजुराला उभे करून साम्यवाद्यांचे पोथीबद्ध सूत्र पूर्ण होईल, पण दोघांपैकी एकाचेही घर सावरणार नाही. मात्र समरसतेचे नाव घेऊन मजुराच्या मजुरीचा आणि जिवाचा प्रश्न दडपणे, हेही तितकेच अनुचित होय. समरसता म्हणजे मौन नव्हे.

कायदा मात्र इथे अपुरा पडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षेची संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. दोन मजूर लावणारे शेत त्या चौकटीत बसत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांत संरक्षक कपडे, प्रथमोपचार आणि प्रशिक्षण यांची तरतूद आहे. पण बांधावर ती पाहायला कोण येतो? विष बनवणारी कंपनी नफा घेते, कृषी सेवा केंद्र आपला वाटा घेते आणि धोका तेवढा शेवटच्या माणसाच्या पाठीवर येतो. जो विषाचा व्यापार करतो, त्यानेच सुरक्षेचा भार उचलावा. बाटलीबरोबर संरक्षक संच देणे आणि फवारणी करणाऱ्याच्या विम्याचा हप्ता भरणे कंपन्यांना बंधनकारक व्हावे, ही मागणी शेतकरी आणि शेतमजूर यांच्या संघटनांनी एकत्र येऊन केली पाहिजे. या मागणीत दोघांचे हित एकच आहे.

कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसू नये. प्रत्येक गावात फवारणी करणाऱ्यांची यादी करणे, हंगामापूर्वी डॉक्टर व कृषी अधिकारी यांना बोलावून प्रशिक्षण देणे, चार-दोन संच ग्रामपंचायतीत ठेवणे आणि विषबाधेची लक्षणे दिसताच रुग्णाला हलवण्यासाठी वाहन ठरवून ठेवणे ही कामे एका शाखेच्या आवाक्यातील आहेत. १९३० मध्ये डॉ. हेडगेवारांनी याच जिल्ह्यात लोहारा येथे जंगल सत्याग्रह करून नऊ महिन्यांचा कारावास पत्करला. गवताच्या पेंढीचा प्रश्न हा राष्ट्राचाच प्रश्न असतो, ही शिकवण या मातीला नवी नाही.

पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. ज्या संस्कृतीने बैलाचे श्रम इतक्या कृतज्ञतेने ओळखले, तिने फवारणीच्या पंपाखाली सोलवटलेला माणसाचा खांदा विसरावा, हे शोभणारे नाही. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती, म्हणजे १७ सप्टेंबर, हा राष्ट्रीय श्रमदिन मानतो. कपाशीवरील फवारणीचे काम त्याच सुमारास जोरात असते. यापुढे त्या दिवशीचा एक कार्यक्रम कारखान्याच्या फाटकाऐवजी शेताच्या बांधावर व्हावा. विश्वकर्म्याचे खरे पूजन तिथेच घडेल.