प्रसूतिसंशोधनाचा परीक्षक कोण असावा?

बेंगळुरू हे भारतातील विज्ञानविषयक नियतकालिकांचे एक जुने केंद्र आहे. 'करंट सायन्स' तेथून १९३२ पासून प्रसिद्ध होत आहे. भारतीय विज्ञान अकादमीची स्थापनाही तेथेच १९३४ मध्ये झाली. संशोधन छापण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकारांकडून तपासून घ्यावे, ही शिस्त आता सर्वत्र रूढ झाली आहे. प्रसूतिशास्त्रात तिचे महत्त्व अधिक आहे; कारण येथील चुकीचा निष्कर्ष थेट मातेच्या जिवावर बेततो.

ही पद्धत साधी आहे. निबंध प्रथम संपादक वाचतात. तो योग्य वाटल्यास बहुधा दोन किंवा तीन परीक्षकांकडे पाठविला जातो. पुष्कळ ठिकाणी लेखक व परीक्षक यांची नावे परस्परांपासून गुप्त ठेवतात. निबंध स्वीकारावा, सुधारून घ्यावा की नाकारावा, याविषयी परीक्षक सकारण मत देतात. अंतिम निर्णय संपादकांचा असतो.

परंतु परीक्षकाने विचारावे काय? कर्नाटकातीलच बेळगाव जिल्ह्याचे उदाहरण पाहावे. तेथील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात परिचारिका-प्रसाविकांच्या हातून १६२० मातांवर एक प्रयोग झाला. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी काहींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, तर काहींना तशाच दिसणाऱ्या निरौषध गोळ्या दिल्या गेल्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. हा निबंध २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे गणितज्ञ आकड्यांची छाननी करील. अनुभवी प्रसाविका मात्र आधी विचारील, "रक्त मोजले कसे?" ते कपड्यांत मुरते, जमिनीवर सांडते, आणि नजरेने केलेला अंदाज बहुधा कमी भरतो, हे तिला ठाऊक असते. बेळगावच्या प्रयोगात मातेखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची निमुळती पिशवी ठेवून रक्त मोजले गेले. म्हणूनच त्या टक्केवारीस आधार लाभला. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

संपादक परीक्षक निवडतात ते बहुधा ज्यांचे निबंध छापले गेले आहेत अशांमधून. त्यामुळे ज्यांचे आयुष्य प्रसूतिगृहात गेले, त्या प्रसाविका सहसा वगळल्या जातात. त्यांना संख्याशास्त्र अवगत नसते, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा मानला, तरी त्यावरील उपाय म्हणजे संख्याशास्त्रज्ञास त्यांच्या जोडीला बसविणे होय, त्यांना दूर ठेवणे नव्हे.

परीक्षण म्हणजे सत्याची हमी नव्हे. लबाडीने रचलेले आकडे परीक्षकाच्या नजरेतून सुटू शकतात. परंतु चुकीचे मोजमाप वेळीच ओळखणे शक्य असते. म्हणून प्रसूतिविषयक प्रत्येक नियतकालिकाने परीक्षकांत निदान एक तरी कार्यरत प्रसाविका नेमावी. तिच्यावाचून झालेले परीक्षण अपुरेच मानले पाहिजे.