स्वस्त गोळीचा वाली कोण?

पहाटेची लोकल गाठायची, दुपारी मिळेल ते खायचे आणि रात्री उशिरा घरी परतायचे, ही उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील असंख्य चाकरमान्यांची दिनचर्या होय. आम्लपित्त हा या दिनचर्येचा कायमचा सोबती. त्यावरील गोळी औषधाच्या दुकानात सहज व स्वस्त मिळते. या गोळ्यांच्या एका जुन्या कुळाचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी काही संबंध असावा, अशी शंका वैद्यकशास्त्राला तीन दशकांपूर्वीच आली. ती शंका आजही पुरती तडीस गेलेली नाही. असे का व्हावे, हा प्रश्न वैद्यकापेक्षा अर्थशास्त्राचा अधिक आहे.

जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन १९७६ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जठरातील आम्ल वाढविणाऱ्या हिस्टामिनला हे औषध अडविते. परंतु हिस्टामिन रक्तातील संरक्षक पेशींनाही निष्प्रभ करते आणि शस्त्रक्रियेच्या आघाताने ते अधिक स्रवते. मग नेमक्या त्याच काळात ते अडविले तर? ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सकांनी १९९४ मध्ये याचे आशादायक निष्कर्ष मांडले. जपानमधील ६४ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर वर्षभर नेहमीच्या औषधासोबत सिमेटिडीन घेणाऱ्यांपैकी ८४.६ टक्के दहा वर्षे जगले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ४९.८ टक्के होते. तो अहवाल २००२ चा. पुढे २०१२ मध्ये सहा चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात सिमेटिडीनचा लाभ दिसला, रॅनिटिडीनचा मात्र ठोस दिसला नाही.

येथे उतावीळपणा घातक ठरेल. या चाचण्या लहान व जुन्या आहेत. आज सर्रास घेतली जाणारी ओमेप्राझोल व पँटोप्राझोल ही औषधे निराळ्या कुळातील असून त्यांना हे निष्कर्ष लागू पडत नाहीत. सिमेटिडीन इतर अनेक औषधांचा शरीरातील निचरा मंदावते. रॅनिटिडीनमध्ये घातक अशुद्धी आढळल्याने अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून काढावयास लावले. शिवाय शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून घरगुती इलाज करण्याची आपली सवय आधीच जीवघेणी आहे. तीत गोळीच्या भ्रामक आधाराची भर नको.

मग मोठी, निर्णायक चाचणी का झाली नाही? कारण उघड आहे. एकस्व संपलेल्या औषधावर कोट्यवधी खर्चून त्याचा नवा गुण सिद्ध करणाऱ्या कंपनीला त्याचे मोल मिळत नाही. ते साऱ्या प्रतिस्पर्ध्यांत वाटले जाते. जेथे नफा सर्वांचा, तेथे खर्चास कोणीच पुढे येत नाही. बाजाराचे हे अपयश सार्वजनिक पैशानेच भरून निघू शकते.

हे स्वप्नरंजन नव्हे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती साध्या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन देऊन पाहिले. सुमारे सोळाशे स्त्रियांच्या या चाचणीत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष कोणत्याही औषध कंपनीच्या नफ्याचा नव्हता, म्हणूनच तो सार्वजनिक संस्थेतून आला.

सिमेटिडीनचा निवाडाही याच मार्गाने व्हावयास हवा. देशभरच्या रुग्णालयांना जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे हाताशी आहे. अंबरनाथला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाच्या शस्त्रक्रियांवर शासन खर्च करतेच. त्या खर्चाचा लहानसा अंश अशा चाचणीकडे वळविणे ही उधळपट्टी ठरणार नाही. निष्कर्ष अनुकूल निघाला तर गरिबाला परवडणारा उपचार मिळेल. प्रतिकूल निघाला तर खोटी आशा तरी संपेल. उपचारासाठी बदलापूरहून परळपर्यंत उभ्याने प्रवास करणाऱ्या रुग्णाला या दोन्हींपैकी एक उत्तर मिळण्याचा हक्क आहे.