लाकडावरची आमरी कुंडीत हलवावी काय?

वळवाच्या वादळात बांधावरील जुन्या आंब्याची फांदी मोडून पडते आणि तिच्यावर वाढलेली आमरीची दोन-चार रोपे तिच्यासह जमिनीवर येतात. घरातील कोणी हौशी माणूस ती उचलून घरी आणतो. अलीकडे अमरावती व अकोल्याच्या रोपवाटिकांतूनही लाकडाच्या तुकड्यावर बांधलेली ऑर्किडे विकत मिळू लागली आहेत. रोप कोठूनही आलेले असो, घरी येताच पहिला विचार सुचतो तो कुंडीचा. झाड म्हटले की त्याला माती हवी, ही आपली शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. कपाशी, ज्वारी, तूर यांच्या बाबतीत ती अगदी खरी आहे. आमरीच्या बाबतीत मात्र तीच समजूत रोपाचा प्राण घेते. प्रस्तुत लेखकाचे मत प्रथमच स्पष्ट सांगून टाकणे बरे : वऱ्हाडात, लाकडावर मुळे धरून बसलेली आमरी कुंडीत हलवू नये. या मताला काही अपवाद आहेत व एक मोठा आक्षेपही आहे. त्यांचा विचार पुढे केला आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करावयास हवा. खेड्यापाड्यांतून आमरीला सर्रास बांडगूळ समजले जाते आणि आंब्याची निगा म्हणून ती कोयत्याने उतरविली जाते. बांडगूळ हे खरोखर परोपजीवी आहे. त्याचे मूळ फांदीच्या लाकडात शिरते, सांध्याशी गाठ येते आणि तेथून पुढची फांदी हळूहळू वाळत जाते. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट बी फांदीफांदीवर पसरवितो. म्हणून बांडगूळ फळावर येण्यापूर्वीच गाठीखालून छाटणे योग्य होय. आमरीचे तसे नाही. ती सालीवर केवळ बसते. तिचे मूळ नखाने उचलून पाहिले तर खालची साल जशीच्या तशी असते व लाकडाला छिद्र पडलेले दिसत नाही. पाणी ती पावसाचे व दवाचे घेते. अन्न सालीच्या फटींत साचलेल्या धुळीतून व कुजलेल्या पाल्यातून मिळविते. शास्त्रात अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आंब्याच्या छाटणीची प्रात्यक्षिके देताना हा फरक हातात फांदी घेऊन दाखवावा, म्हणजे दहा मिनिटांत काम होईल.

आपल्या भागात आंब्यावर व मोहावर जी आमरी आढळते, ती बहुधा वांडा जातीची असते. पट्ट्यासारखी जाड, लांबट पाने दोन ओळींत येतात, पिवळसर-तपकिरी फुलांवर जाळीदार रेषा असतात आणि मधली पाकळी निळसर जांभळी असते. फुलांना मंद सुवास असतो. हिला काही ठिकाणी रास्ना म्हणतात. परंतु वैद्यकातील रास्ना कोणती याविषयी प्रांतोप्रांती मतभेद आहेत. बंगालकडे या वांड्याच्या मुळ्या वापरतात, तर अन्यत्र निराळीच वनस्पती. तेव्हा नावावर विश्वासून कोणी हिच्या मुळ्यांचे काढे घेऊ नयेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आमरीचे मूळ कसे काम करते हे एकदा ध्यानात आले की कुंडीचा वाद निम्मा मिटतो. कोरडे असताना हे मूळ रुपेरी पांढरे दिसते. पांढरेपणा मुळाचा नसून त्यावरील मृत पेशींच्या स्पंजासारख्या आवरणाचा असतो. पाणी पडताच हे आवरण काही क्षणांत भरून जाते, पारदर्शक होते आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. मग मूळ ते पाणी सावकाश आत घेते आणि आवरण पुन्हा कोरडे होऊन त्यात हवा खेळू लागते. भिजणे आणि वाळणे या दोन्ही क्रिया मुळाला सारख्याच आवश्यक आहेत. ते सतत ओले राहिले तर आवरणात हवेला जागा उरत नाही, मूळ गुदमरते व बुरशी त्याचा ताबा घेते.

आपली काळी माती तर या कामी सर्वांत वाईट. कपाशीला तिचा जो गुण तारतो, तोच आमरीला मारतो. ती पाणी धरून फुगते, तिच्यातील पोकळ्या बुजतात, आणि वाळताना भेगा पडून कोवळ्या मुळांची टोके तुटतात. वरून शेणखत घातले असेल तर विचारावयासच नको. असे रोप एखादा पावसाळा काढते, कारण जाड पानांत साठविलेल्या पाण्यावर ते बरेच दिवस तग धरते. लोकांची फसगत येथेच होते. रोप जगले असे वाटते आणि मुळे मात्र केव्हाच गेलेली असतात.

पुढचा प्रकार याहून खेदाचा. पाने सुरकुतली की घरची मंडळी पाणी वाढवितात. परंतु पाने दोन कारणांनी सुरकुततात : पाणी कमी पडल्याने, आणि पाणी जास्त झाल्याने मुळे कुजल्यामुळे. दोन्हींत पान सारखेच दिसते. निर्णय पानावरून न करता मुळावरून करावा. मूळ बोटांत दाबून पाहावे. टणक लागले व पांढरे असले तर रोप तहानलेले आहे. मऊ, तपकिरी असून दाबताच आवरण निसटते आणि आत सुतासारखा धागा तेवढा हाती राहतो, असे असल्यास ते मूळ कुजलेले आहे. लाकडावरच्या रोपाचा मोठा लाभ हाच की, ही सर्व मुळे डोळ्यांसमोर उघडी असतात. कुंडीत ती झाकली जातात, आणि नवशिक्याला रोग कळतो तेव्हा औषधाची वेळ टळून गेलेली असते.

यावर कोणी म्हणेल, मातीऐवजी विटांचे तुकडे, लोणारी कोळसा व नारळाची शेंडी घातली तर? हा प्रश्न रास्त आहे, आणि कुंडीच वापरावयाची तर तिच्यात हेच घालावे. तरीही लाकडावर वाढलेले रोप काढून त्यात घालणे मला पसंत नाही. त्याची जुनी मुळे उघड्या हवेत तयार झालेली असतात. ती सालीला इतकी घट्ट चिकटतात की सोडविताना निम्मी तुटतात, आणि उरलेली कुंडीतील दमटपणा सोसत नाहीत. रोपाला नवी मुळे फुटेपर्यंत पानांतील साठ्यावर दिवस काढावे लागतात. नवी मुळे येण्याआधीच चैत्र-वैशाखाचे ऊन आले तर रोप गेलेच म्हणून समजावे.

आता तो मोठा आक्षेप. ऑर्किडविषयीचे बहुतेक लेखन थंड व दमट प्रदेशांना अनुसरून झालेले असते. केरळ, गोवा वा कोकण येथे हवाच ओली असते. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ साली राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील सिंबिडियमसारख्या जाती थंड डोंगराळ हवेतल्या. अशा ठिकाणी लाकडावरील रोपाला पाण्याची चिंता नसते. पण अकोला-अमरावतीस मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा भट्टीसारखी कोरडी असते, आणि लाकूड तासाभरात वाळते. मग पाणी धरून ठेवणारी कुंडीच येथे बरी नव्हे काय?

आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. वांडा याच उन्हाळ्यात आपल्या बांधांवर शेकडो वर्षे जगत आली आहे. अशा कित्येक जाड पानांच्या आमरी दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात व रात्री उघडतात, म्हणजे दुपारच्या झळांत पाणी फारसे गमावीत नाहीत. त्यांना उन्हाळ्यात हवी असते सावली, आणि रात्रीची किंचित ओलसर हवा. या दोन्ही गोष्टी कुंडीने मिळत नाहीत, जागेच्या निवडीने मिळतात. पश्चिमेची भिंत सर्वथा टाळावी. पूर्वेचा किंवा उत्तरेचा ओसरीचा भाग, अंगणातील आंब्याची खालची फांदी, किंवा जेथे माठ-रांजण ठेवतात व जमीन सदैव ओली असते अशी जागा निवडावी. सागाच्या झाडावर रोप बांधू नये. ऐन उन्हाळ्यात सागाची पाने गळून सावली नाहीशी होते. पेरूची साल सोलून पडते, तिच्याबरोबर रोपही सुटते. आंबा हाच आपला खरा सोबती : साल खडबडीत, पर्णसंभार बारमाही. झाड नसेल तर ५० टक्के सावलीची जाळी लावावी. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी एकदा व सूर्यास्तानंतर एकदा मुळे हिरवी होईपर्यंत पाणी शिंपावे, आणि सायंकाळी रोपाखालची जमीनही भिजवावी. थंडीत एक दिवसाआड पुरते. पावसाळ्यात उघडीप तीन-चार दिवस टिकली तरच पाणी द्यावे.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भागाचे खरे दुखणे सांगितले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरीचे पाणी माणसांना पिता येत नाही. आमरीच्या मुळांची कोवळी टोके तर त्याने जळून काळी पडतात. कुंडीत हे संकट दुणावते. प्रत्येक वेळी पाणी उडून जाते व क्षार मागे राहतो. विटा आणि कोळसा तो शोषून घेतात, व काही महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसू लागते. लाकडावरील रोपाचा क्षार पहिल्याच चांगल्या पावसात धुऊन निघतो. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालण्याची काटकसर पुष्कळ घरी चालते. आमरीला ते पाणी कदापि घालू नये, कारण बाष्पीभवनाने त्यातील क्षार मूळ पाण्याहूनही वाढलेले असतात. पाण्याची विद्युतवाहकता ०.५ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असणे चांगले. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत ही तपासणी होते.

उपाय पावसाच्या पाण्याचा, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. लाकडावरील एका रोपाला दिवसाला अर्धा लिटर धरले, तर दहा रोपांना ५ लिटर लागतील. एप्रिलच्या आरंभापासून मृगाच्या पावसापर्यंत सुमारे ७५ दिवसांचे ३७५ लिटर झाले. म्हणजे २०० लिटरची दोन पिंपे भरून ठेवली की उन्हाळा निभावतो. दहा चौरस मीटर पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७,००० लिटर पाणी येते. त्यातून दोन पिंपे भरणे म्हणजे काहीच नाही. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे व पिंपाच्या तोंडाला फडके घट्ट बांधावे, नाहीतर डासांची पैदास होईल.

कुंडी कोणास योग्य? प्रयोगशाळेत वाढविलेली लहान रोपे आणि रोपवाटिकेतून कुंडीतच आलेली संकरित डेंड्रोबियम यांना कुंडीतच ठेवावे. यांची मुळे त्या दमटपणाला सरावलेली असतात व आभासी कंदांचा झुबका पसरावयास जागा मागतो. बाजूला भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी, रोपाच्या मानाने लहानच घ्यावी. मोठ्या कुंडीत मधला भाग वाळत नाही. नारळाची शेंडी देवळातून सहज मिळते. ती चार-पाच दिवस पाणी बदलून भिजवावी आणि मग वापरावी.

लाकूडच कुजून गेले वा रोप त्याबाहेर वाढले, तर हलविणे भाग पडते. तेव्हाही रोप लाकडापासून ओढून काढू नये. जुन्या लाकडासकट ते नव्या मोठ्या लाकडावर, किंवा सागाच्या पट्ट्यांच्या उघड्या टोपलीत बसवावे. हे काम मृगापासून जुलैअखेरपर्यंत, मुळांची टोके हिरवी दिसू लागली म्हणजे करावे. मुळे अगोदर पंधरा-वीस मिनिटे भिजवावी, म्हणजे ती लवचिक होतात. बांधावयास सुती दोरी किंवा सुतळी घ्यावी. ती कुजेपर्यंत मुळे धरून बसतात. तांब्याची तार वापरू नये. लाकूड वाळलेले, रंग वा वाळवीचे औषध न लावलेले असावे. पऱ्हाटी व तुराटी घरोघरी असते खरी, पण ती वर्षभरात भुसभुशीत होते. नवीन मुळे धरल्यावर, पावसाळ्यापुरते, १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी फवारावे. याहून अधिक खताचा हव्यास धरू नये.

तांब्याचा उल्लेख झाला म्हणून वरूड, मोर्शी, अचलपूरकडील संत्रा बागाईतदारांसाठी एक सूचना. डिंक्या रोगासाठी संत्र्याच्या खोडाला बोर्डो मलम लावतात. त्यातील मोरचूद आमरीला, विशेषतः डेंड्रोबियमला, अपायकारक असते. तेव्हा शोभेसाठी संत्र्याच्या खोडावर आमरी बांधू नये. बोर्डो मलम बंद करून आमरी जगवा, असे मात्र कोणी समजू नये, बाग आधी.

राहता राहिला रोपे कोठून आणावी हा प्रश्न. मेळघाटात आमरीच्या अनेक जाती आहेत, आणि चिखलदऱ्याहून परतताना एखादे रोप गाडीत टाकण्याचा मोह होतो. राखीव वनातून वनोपज काढण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ व अभयारण्यातून वनस्पती काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मनाई करतात. कायदा बाजूस ठेवला तरी, १,१०० मीटर उंचीवरील थंड व भरपूर पावसाच्या जागेतील रोप अकोल्याच्या उन्हाळ्यात जगविणे कठीणच. आपल्याच बांधावर मिळण्याजोगे पुष्कळ आहे. जुना आंबा तोडावयाचा ठरला, की ठेकेदाराला सौदा करतानाच सांगून ठेवावे की आमरी असलेल्या फांद्या दोरीने सावकाश खाली उतराव्या. मग रोपाभोवतीची साल हातभर लांबीची तशीच करवतीने कापून घ्यावी आणि त्याच दिवशी शेजारच्या आंब्याला, पूर्वी होती त्याच दिशेला तोंड करून, बांधून टाकावी.