पिवळ्याचे दोन सेकंद

आज कोडबद्दल काही लिहीत नाहीये. या आठवड्यात डोकं वेगळ्याच कारणाने तापलंय, आणि नागपुरात डोकं तापायला तसंही फार काही लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सिग्नलवर पोलीस आणि गाडीवाला यांच्यात जो वाद होतो, तो शिस्तीचा आहे असं आपण सगळे धरून चालतो. बहुतेक वेळा तो फक्त एवढाच असतो की दोन सेकंदांपूर्वी दिवा कुठल्या रंगाचा होता. आणि त्या दोन सेकंदांची नोंद कुणाकडेच नसते. नोंद नसली की मग उरतं काय? वर्दी कुणाच्या अंगावर आहे, आवाज कुणाचा मोठा, ओळख कुणाची आणि खिशात किती.

मंगळवारचंच घ्या. चौकाचं नाव लिहीत नाही, उगाच एका माणसाच्या मागे लागायचं नाहीये. संध्याकाळचे सात, ऑफिसातून परत येत होतो, स्पीड चाळीसच्या आसपास. थांबायच्या रेषेच्या अगदी जवळ असताना हिरव्याचा पिवळा झाला. मागे चिकटून एक ऑटो. करकचून ब्रेक मारला असता तर तो ऑटो माझ्या डिक्कीत बसला असता. निघालो. चौक ओलांडला, तर झाडाखालून एक शिपाई पुढे आला.

"साइडला घे भाऊ. लाल होता."

"साहेब, मी रेषेवर होतो तेव्हा पिवळा होता."

"मी पाहून राहिलो न इथून. लाल होता. लायसन काढ."

इथून म्हणजे कुठून? तो उभा होता तिथून माझ्या सिग्नलची पाठ दिसते! हे मी बोललो, आणि बोलल्यावर गाडीची किल्ली त्याच्या हातात गेली. मोबाइलमधलं डिजिलॉकरचं लायसन दाखवलं तर "हे चालत नाही, ओरिजिनल दाखव". केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १३९ क्रमांकाच्या नियमात २०१८ सालीच दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक कागद चालतील असं लिहिलं गेलंय, पण रस्त्यावर नियमाचे नंबर सांगणारा माणूस शहाणा न दिसता आगाऊ दिसतो.

मग त्याचं लक्ष माझ्या गळ्यातल्या आयकार्डाकडे गेलं आणि सूरच बदलला. "आयटीवाले का सर? मंग पाहा, पाचशेचं चलान होते. नाही तर डेंजरस ड्रायव्हिंग लावतो, कोर्टात जा." मी म्हटलं, चलान करा, वेळ आणि जागा लिहा, मी कोर्टात जातो. वीस मिनिटं उभं ठेवून किल्ली परत दिली. चलान नाही, काही नाही. "जा आता."

माझ्या शेजारी डिलिव्हरीवाला एक पोरगा उभा होता, पाठीवर तो चौकोनी डबा. त्याचाही तोच पिवळा होता. त्याने एक शब्द न बोलता दोनशे काढून दिले, पावती मागितली नाही आणि निघाला. त्याची ऑर्डर उशिरा होत होती. मला राग आला तो इथे. वीस मिनिटं वाद घालण्याची चैन मला परवडते. माझ्याकडे आयकार्ड आहे, बरी भाषा आहे, घरी वाट बघणारं जेवण आहे. त्याला वाद महाग आणि लाच स्वस्त पडते. हा हिशोब त्याने केलेला नाही, आपल्या व्यवस्थेने त्याच्यासाठी करून ठेवलाय.

आता त्या "डेंजरस ड्रायव्हिंग लावतो" कडे वळू, कारण ती पोकळ धमकी नव्हती. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातली मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली. (ती आणणारे मंत्री आपल्याच गावचे. महाराष्ट्राने मात्र वाढीव दंड लागू करायला डिसेंबर २०२१ उजाडवला.) सिग्नल मोडला तर कलम ११९ सोबत १७७ लावता येतं: पहिल्या वेळी पाचशे रुपये. पण त्याच कृत्याला कलम १८४ पण लागू शकतं, कारण २०१९ पासून लाल दिवा तोडणं "धोकादायक ड्रायव्हिंग"च्या व्याख्येत घातलंय: एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. शिवाय कलम २०६ खाली लायसन जप्त करून निलंबनासाठी पाठवता येतं. म्हणजे एकच कृत्य, आणि किंमत पाचशे रुपयांपासून तुरुंगापर्यंत. यातलं काय लागणार हे सुरुवातीला ठरवणार कोण? तर चौकात उभा असलेला माणूस. मग घासाघीस होणार नाही तर काय होणार!

(आणि हो, लायसन जप्त केलं तर त्याची पोच देणं त्याच कलमात बंधनकारक आहे. किल्ली काढून घ्यायचं कलम मात्र मी शोधतोय, अजून सापडलेलं नाही. गाडी अडकवायचं २०७ आहे, पण ते लायसन नसणं, नोंदणी नसणं, परमिट नसणं असल्या प्रकरणांसाठी.)

आता थोडं गणित. कंटाळू नका, बारावीचंच आहे. ताशी ४० म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. पिवळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा: ११ मीटर गेले. मग व्यवस्थित, न घसरता थांबायला आणखी वीस-एकवीस मीटर. एकूण ३२. म्हणजे रेषा ३२ मीटरच्या आत असेल तर तुम्ही थांबूच शकत नाही, तुम्हाला जावंच लागतं. ते ३२ मीटर जायला जवळपास तीन सेकंद लागतात. पिवळा जर दोनच सेकंदांचा ठेवला असेल, तर तेवढ्यात तुम्ही २२ मीटर जाता. राहिलेल्या दहा मीटरच्या पट्ट्यात जो सापडला तो थांबू शकत नाही आणि लाल होण्याआधी रेषा गाठूही शकत नाही. कितीही सज्जन असू दे, तो गुन्हेगार ठरणारच. पावसाळ्यात टायर घसरतात तेव्हा हा पट्टा आणखी लांबतो.

हे मी शोधलेलं नाही. १९६० साली गाझिस, हर्मन आणि माराडुडिन या तिघांनी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतून यावर पेपर लिहिला. यातला हर्मन म्हणजे महास्फोटाच्या उरलेल्या प्रारणाचं तापमान आधीच सांगणारा तोच. विश्वाचा आरंभ झाल्यावर माणूस पिवळ्या दिव्याकडे वळला, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते बघा :)

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मॅट्स यार्लस्ट्रोम नावाचा इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे. २०१३ मध्ये त्याच्या बायकोला कॅमेऱ्याने सिग्नल तोडल्याचं चलान पाठवलं. हा बसला आणि वळणाऱ्या गाड्यांसाठी पिवळा कमी पडतो हे त्याने मांडून दाखवलं. तिथल्या इंजिनिअर मंडळाने काय केलं? परवान्याशिवाय इंजिनिअरिंग केलं म्हणून त्यालाच पाचशे डॉलर दंड! तो कोर्टात गेला, २०१८ मध्ये जिंकला, आणि २०२० मध्ये वाहतूक इंजिनिअरांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याची दुरुस्ती घेतली. मूर्खपणा तिकडेही आहे. पण तिकडे निदान पिवळा किती सेकंदांचा हे माहीत होतं, म्हणून भांडता आलं. आपल्याकडे सिग्नलची देखभाल महापालिकेकडे, दंड पोलिसांकडे आणि पिवळ्याचे सेकंद देवाकडे. टायमिंग बदलता येत नाही असं कुणी सांगू नये. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे सिग्नल बंद ठेवतातच की, चौकात हिरव्या जाळ्याही बांधतात. माणूस भाजतो हे पटलं तेव्हा बदललं.

एक मित्र म्हणाला, तू सिग्नल तोडणाऱ्यांची वकिली करतोयस. अजिबात नाही. लाल लागून पाच सेकंद झाल्यावर हॉर्न वाजवत घुसणारे मीही रोज पाहतो, त्यांना पाचशे काय, पाच हजार लावा. आणि पोलिसांचे हालही कळतात. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला विलास शिंदे या वाहतूक हवालदाराने विनाहेल्मेट मुलाला अडवलं म्हणून त्यांच्या डोक्यात मारलं गेलं, आणि आठवड्याभरात ते गेले. ४५ डिग्रीत धूर पीत उभं राहणाऱ्या माणसाला रोज शंभर जणांशी "लाल होता-नव्हता" खेळायला लावणं हा त्याच्यावरही अन्यायच आहे. खात्यातली वसुली कशी चालते याच्या तक्रारी घेऊन मुंबईचेच एक वाहतूक हवालदार, सुनील टोके, २०१७ मध्ये हायकोर्टात गेले होते. म्हणजे आतल्यांनाही हे नकोय.

आणि आपण काय करतो? "थांब, काकांना फोन लावतो." फोन लागला की साहेब हसतो, आपण निघतो, आणि ऑफिसात येऊन भ्रष्टाचारावर लेक्चर देतो. तुमचा फोन लागतो म्हणूनच त्या पोराचे दोनशे जातात, कारण दिवसाचा आकडा कुणाकडून तरी भरायचाच असतो.

मला हवंय ते फार मोठं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियम १६७अ आणला. त्यात कॅमेरे आणि अंगावरचे कॅमेरे आले, उपकरणाला दरवर्षी मंजुरीचं प्रमाणपत्र आलं, तारीख-वेळ-जागेसकट फोटो आला, पंधरा दिवसांत नोटीस आली. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये असाही आदेश दिला. कागदावर सगळं आहे. तर मग सिग्नलच्या वादात फोटो नसेल तर दंड नाही, एवढं करा. फोटोत रेषा, गाडी आणि दिवा एकत्र दिसू दे. आणि प्रत्येक चौकातला पिवळा किती सेकंदांचा आहे ते जाहीर करा.

हे शेवटचं मी माहिती अधिकारात विचारतोय. अर्जात तीनच गोष्टी आहेत: शहरातल्या प्रत्येक सिग्नलचा पिवळ्याचा कालावधी, तो कुठल्या वेगासाठी ठरवला, आणि शेवटचा कधी तपासला. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, माझा आरामात बसला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सोमवारी महापालिकेत देणार आहे. "हे पोलिसांना विचारा" असं म्हणाले, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत त्यांनीच तो तिकडे पाठवायचा आहे.