पुणं की विष्णुपुरी?

मागच्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. इथलाच, अर्धापूरचा केळीवाला. चहा झाला, इसापूरच्या कालव्याचं पाणी कधी सुटणार ते बोलून झालं, आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, "गुरुजी, पोरीच्या एमबीएचं काय करावं? पुण्याच्या एका कॉलेजात नंबर लागंल म्हणते. मी म्हणतो, विष्णुपुरी काय वाईट हाय? घरून जाणं-येणं होईल."

विष्णुपुरी म्हणजे आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, १९९४ साली झालेलं. कागदावर दोन्ही नावं होती आणि ऑनलाइन फॉर्मात कोणतं वर टाकायचं एवढाच प्रश्न होता.

आता जवळच्या कॉलेजाला नाक मुरडण्यातला मी नाही. माझं बी.ए. नांदेडात झालं. आमच्या आधीच्या पिढीला हैदराबादच्या उस्मानियाकडं बघावं लागे. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं म्हणून आम्ही घरची भाकरी खाऊन पदवीधर झालो. नरहर कुरुंदकर तेव्हा पीपल्स कॉलेजात शिकवत होते. पुण्यात राहिल्याशिवाय माणूस मोठा होत नाही असं त्यांच्याकडं बघून कुणी म्हटलं नसतं.

पण एमबीएची गोष्ट थोडी वेगळी आहे, हेही मला मान्य आहे. त्यात निम्मं शिक्षण पुस्तकात असतं आणि निम्मं शेजारच्या बाकावर. बरोबर कोण शिकतंय, मुलाखतीला कोणत्या कंपन्या येतात, सुट्टीच्या दोन महिन्यांत कुठं काम मिळतं, यावर पुष्कळ ठरतं. मुंबईच्या जमनालाल बजाजला तिचा नंबर लागत असता तर मी चहा होईपर्यंतसुद्धा थांबलो नसतो, आधी फॉर्म भर म्हटलं असतं. कागदावरचं कॉलेज मात्र त्या तोडीचं नव्हतं. पुण्याचा पत्ता असलेलं प्रत्येक कॉलेज म्हणजे पुणं नव्हे. इमारतीच्या काचा बघून प्रवेश घेणारी, मग दोन वर्षं खोलीभाडं आणि मेसचे पैसे भरून शेवटी आठ-दहा हजारांच्या कामाला लागलेली आपल्याकडची पोरं मी पाहिली आहेत. तेव्हा कुणी माझं मत विचारलंच, तर मी म्हणतो, माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना फोन करा. कुठं लागलात, काय काम करता, किती हातात येतात. बस.

एवढं सांगून मी मोकळा झालो असतो. पण मला त्याचा मुलगा आठवला.

"थोरल्याला दोन वर्षांपूर्वी पुण्याला घातलास. तेव्हा नाही आलास विचारायला?"

तो गप्प. मग म्हणाला, "त्याचं मॅनेजमेंट कोट्यातून झालं, गुरुजी. पैसे बी लई गेले. म्हणून तर आता..."

म्हणजे लेकाच्या वेळी कर्ज काढायला हात कचरला नाही आणि काटकसर आठवली ती लेकीच्या पाळीला! त्यातही गंमत अशी की ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. खासगी कॉलेजातही. अट एवढीच की प्रवेश सरकारी फेरीतून हवा; मॅनेजमेंट कोटा चालत नाही, अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. पोरीचा नंबर फेरीतूनच लागणार होता, दाखलेही घरात होते. उरला राहण्या-खाण्याचा खर्च. मी तो कागदाच्या पाठीमागं मांडला आणि शेजारी थोरल्याचा खर्चही मांडायला लावला. आकडे बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पैशाचं सोडा. पोरीची जात हाय, गुरुजी."

हे वाक्य मी ओळखतो, कारण ते मीही वापरलेलं आहे. १९८७ साली आमच्या शाळेत पहिली आलेली मुलगी पुण्याला जायचं म्हणत होती. तिचे वडील असेच विचारायला आले आणि मी म्हणालो, डोळ्यांसमोर राहिलेली बरी. फार विचार न करता म्हणालो. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ती भेटली. पाया पडली, मुलांची ओळख करून दिली आणि जाता जाता म्हणाली, "गुरुजी, तुम्ही जाऊ द्या म्हटलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

हे मी त्याला सांगितलं. विष्णुपुरी चांगली वाटत असेल तर खुशाल घाल, पण ती विष्णुपुरी म्हणून. घराजवळचा गोठा म्हणून नव्हे.

कागद तो माझ्याकडंच विसरून गेला. दुसऱ्या दिवशी पोरगी स्कूटीवरून न्यायला आली. तिनं त्या कॉलेजातल्या तिघींना आधीच फोन केले होते. इथली केळी ट्रकनं दिल्लीकडं जातात, तर बागेतला भाव कुणी ठरवला आणि तिथला कुणी, हे तिला शिकायचंय म्हणाली. मी विचारलं, फॉर्मचं काय झालं?

"भरला की रात्री. पुणं एकवर, विष्णुपुरी दोनवर. ओटीपी बाबांच्या मोबाईलवर आला होता."

"मग?"

"वाचून दाखवला त्यांनी."